हिराकाकूंचा क्रम

हिराकाकू भोईर यांच्या कमरेला डाव्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि उजव्या बाजूला टीव्हीचा रिमोट. कळंबच्या अलीकडे त्यांचं लहानसं रिसॉर्ट होतं. चार-पाच खोल्या, पुढे अंगण, मागे भातशेती आणि मध्ये एक मोठा हॉल. त्या हॉलमधल्या टीव्हीवर क्रिकेट, बातम्या, गाणी काय हवं ते पाहुण्यांनी लावावं, काकूंची हरकत नसे. पण सुपरहिरोंच्या त्या प्रसिद्ध मालिकेतला एखादा चित्रपट लावा म्हटलं, की रिमोट काकूंच्या कमरेवरून हलत नसे. "पयला बघितलाय का?" त्या विचारत. समोरचा नाही म्हणाला, की विषय संपला. "मंग पयला लावते. सातवा बघून काय समजनार तुमाला?"

मी कर्जतच्या एका कॉलेजात शिकवते. एका दिवाळीच्या सुट्टीत दोन मैत्रिणींना घेऊन मी काकूंच्या रिसॉर्टवर राहायला गेले होते. तिघी चाळिशीला आलेल्या. पण कॉलेजात असल्यापासून या चित्रपटांचं वेड. ती सगळी मालिका सलग बघायची असं ठरवून आम्ही आलो होतो आणि पोचल्यापासून भांडत होतो. भांडण क्रमाचं होतं. हे चित्रपट इतकी वर्षं निघतायत, की कथेतली आधीची हकीकत पुष्कळदा नंतर निघालेल्या चित्रपटात येते. एकीचं म्हणणं, कथेत जे आधी घडलं ते आधी बघू. दुसरीचं म्हणणं, ज्या क्रमाने ते थिएटरात लागले त्याच क्रमाने बघू. मी दोघींच्या मध्ये.

चहाचा ट्रे घेऊन काकू दारात उभ्या होत्या. उंच, रुंद हाडाच्या, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी ट्रे ठेवला आणि आमच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"जशे आले तशे बघायचं," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघी त्यांच्याकडे वळलो.

"आता बघा, पोरगी बघायला जाता तवा तिच्या आजीच्या लग्नापासून सांगत बसतात काय? पयली पोरगी दिसते. चहा घिऊन येते. आवडली तर मंग हळूहळू समजतं, बाप कसा, आजी कशी, घरात काय झालेलं. आधी आजीचं सांगाया लागले तर उठूनच येशील ना तू?"

"काकू, तुम्ही बघितलेत हे?" माझ्या मैत्रिणीने विचारलं.

"सगळे," काकू म्हणाल्या. "हिंदीतले. विंग्रजीत ते लई पुटपुटतात."

त्या मुक्कामात आम्ही सगळी मालिका काकूंच्या क्रमाने बघितली. काकू स्वयंपाकघरातून येऊन-जाऊन बघत. माणसांची खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून सगळ्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. अंधारात ज्याचं अंग उजळतं तो काजवा. घाव बसला की दगड होणारी बाई ती दगडीण. आणि अख्खंच्या अख्खं गाव उचलून न्यायला येणारा जो दुष्ट होता, त्याचं नाव बिल्डर. दगडीण ही काजव्याची बहीण आहे असा त्यांचा पक्का समज होता. ती त्याची कोणी लागत नाही, असं मी पुढे एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "नसंल," त्या म्हणाल्या, "पन वागते तर बहिणीवानी." त्यानंतरही बहीणच राहिली ती.

मैत्रिणी परत गेल्या, मी मात्र कळंबला जात राहिले. कर्जतहून स्कूटरवरचं अंतर. शनिवार-रविवार रिसॉर्ट भरलेलं असायचं, पण मधल्या वारी कोणी नसे. अशा दुपारी मी गेले की काकू तांदळाची भाकरी आणि सुकट वाढत आणि मग आम्ही हॉलमध्ये बसत असू. आमच्या कर्जतच्या घरात मोठ्या बायका मला 'सिनेमाचं वेड अजून गेलं नाही का' असं विचारत. काकूंनी कधी विचारलं नाही. वेड असायलाच पाहिजे, ते नीट करावं एवढंच, असा त्यांचा स्वभाव.

एकदा पुण्याहून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. त्यांचा या मालिकेचा अभ्यास दांडगा. जेवताना त्यांनी काकूंना समजावलं, की यातले दोन चित्रपट अगदीच फसलेले आहेत, ते वगळून बघितलं तर सगळी मालिका चोख होते. काकूंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

"वगळायचा नाय," त्या म्हणाल्या. "चार भाऊ असले आन् एखादा जरा ढिला असला, म्हनून त्याला पंगतीतनं उठवता काय?"

"अहो, पण वेळ वाया जातो."

"तुमी हितं वेळ घालवायलाच आलाय ना?"

गृहस्थ हसले. त्या दुपारी काकूंनी नेमका त्यांतलाच एक लावला. अर्ध्या तासात ते सोफ्यावर झोपले. काकूंनी आतून चादर आणून त्यांच्या अंगावर घातली, आवाज कमी केला आणि चित्रपट शेवटपर्यंत बघितला.

हे वेड त्यांच्या घरात आणलं ते त्यांच्या मुलाने, महेशने. हे मला पहिल्या काही महिन्यांत माहीत नव्हतं. हॉलमध्ये त्याचा फोटो होता, हार घातलेला; विचारायचा धीर मला होत नव्हता. काकूंनीच एक दिवस सांगितलं. काकूंचे यजमान लवकर गेले होते. शेतातल्या घराचं रिसॉर्ट करायची कल्पना महेशची. मोठा टीव्हीही त्यानेच आणला. मधल्या वारी कामं आटोपली की महेश, त्याची बायको स्वप्नाली आणि काकू असे तिघे बसून चित्रपट बघत. महेश कथेच्या क्रमाचा. मोबाईलवर शोधून त्याने कुठल्यानंतर कुठला ते ठरवलेलं असे.

"त्याचं म्हननं, आये, जे पयलं घडलं ते पयलं. मी म्हनायची, बरं बाबा. भांडायची, पन त्याच्याच मनासारखं बघायची."

त्या क्रमात पहिला चित्रपट येतो काजव्याच्या तरुणपणाचा. त्यात तो अजून कोणी हिरो नाही; मित्रांबरोबर उनाडक्या करणारा साधा पोरगा आहे. आणि मालिकेच्या शेवटाकडे, मोठ्या लढाईच्या चित्रपटात, काजवा मरतो. प्रत्यक्षात तो तरुणपणीचा चित्रपट निघाला तो लढाईच्या चित्रपटानंतर.

तिघांची मालिका संपली त्याच वर्षी महेश मोटरसायकलवरून नेरळला जात असताना वळणावर डंपरखाली गेला.

"घरात मानसं आली, गेली. दिवस झाले. मंग घर रिकामं," काकू म्हणाल्या. "स्वप्नाली बोलंना. मला रडू येईना. एक दिवस टीव्ही लावून बसले. म्हटलं, त्याच्या मनासारखं बघितलं, आता माज्या मनासारखं बघू. जशे आले तशे. काजवा मेला तवा मी उठून भांडी घासाया गेले. मंग म्हटलं फुडचा लावू. लावला, आन् तो दारात उभा. मेलेला मानूस गं. मिशी पन नाय फुटलेली. हसतोय, पळतोय. तवा मी रडले."

काकू फोटोकडे बघत नव्हत्या, बाहेर अंगणाकडे बघत होत्या.

"महेशचा क्रम बराबर व्हता. पन त्या क्रमात मानूस मेला का संपला. माज्या क्रमात तो मेल्यावर पन एकदा येऊन जातो."

स्वप्नाली तेव्हा तिशीच्याही आतली होती. तिचं माहेर खालापूरजवळचं. आई-वडील न्यायला आले तेव्हा तिने जायला नकार दिला. "आईंना एकटं टाकून नाय येणार," म्हणाली. रिसॉर्टचं स्वयंपाकघर तिने अंगावर घेतलं. माझ्याशी दोन शब्द बोले, चहा देई. हॉलमध्ये मात्र चित्रपट लागला, की ती उंबऱ्याच्या आत येत नसे. चहाचा कप दाराशी ठेवून काकूंना हाक मारायची. काकू उठून आणायच्या. यावर त्या दोघी कधी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

मग निलेश आला. निलेश खोपोलीचा, तिथल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन, आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या रिसॉर्टची कामं करायचा. काकूंच्या इन्व्हर्टरचं काम निघालं म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याचं एकदा लग्न होऊन मोडलं होतं, हे नंतर कळलं. काम करता करता त्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं आणि तो म्हणाला, "काकी, हा आता कशाला लावलाय? हा तर सगळ्यांत पहिला बघायचा असतो."

झालं. काकूंनी त्याला हातातल्या पकडीसकट बसवून घेतलं. पोरगी बघण्याचं उदाहरण देऊन झालं. तो ऐकेना. म्हणाला, "काकी, फ्यूज उडाला तर मी आधी मेन स्विच बघणार का बल्ब? मुळापासून जायला लागतं."

"आन् तुला घरात बोलावतात कशापायी? बल्ब गेला म्हनूनच ना? आधी बल्बच दिसतो!"

निलेशने पकड खाली ठेवली. आणि स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. मी तिथे बसले होते. इतक्या दिवसांत मी स्वप्नालीचा तो आवाज ऐकला नव्हता. काकूंनी निलेशकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

इन्व्हर्टर त्यानंतर वरचेवर बिघडू लागला. मी एकदा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "बिघडत नाय गं. मी वायर ओढते." निलेश यायचा, वाद घालायचा, जेवून जायचा. स्वप्नाली वाढायची. हळूहळू तीही वाढता वाढता एखादं वाक्य बोलू लागली. तेही बहुतेक वेळा काकूंच्या विरुद्ध. त्याचाच काकूंना आनंद.

एक दिवस काकूंनी सुनेला सरळ विचारलं, निलेशशी लग्न करशील का. स्वप्नाली ताडकन उठली. "आई, मी तुम्हाला जड झालेय का?" म्हणाली, आणि आठवडाभर सासूशी बोलली नाही. निलेशलाही तिने निरोप पाठवला, की येऊ नका. बातमी शेजारी राहणाऱ्या बंडूकाकांपर्यंत पोचली. बंडूकाका म्हणजे काकूंचे धाकटे दीर, घरातले कर्ते पुरुष. ते अंगणात येऊन उभे राहिले.

"वहिनी, सुनेचं लग्न लावून देनार? लोक काय म्हनतील? आपल्या घरानं कधी केलंय असं?"

"आता केलं म्हनायचं," काकू म्हणाल्या.

"महेशच्या आत्म्याला काय वाटंल?"

काकू पायरीवर बसल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. "भाऊजी, महेश माजा पोरगा. त्याला काय वाटंल ते मी तुमाला इचारू? तिच्या तोंडाकडं कधी बघितलंय तुमी? मी रोज बघते. माजा एक गेला. दुसरी मी माज्या डोळ्यांदेखत वाळू देनार नाय."

बंडूकाका निघून गेले आणि त्यांनी काकूंकडे येणं बंद केलं.

त्यानंतर काकूंनी मला फोन करून बोलावलं. दुपारची वेळ, पाहुणे नाहीत. हॉलमध्ये टीव्ही सुरू होता आणि काकू स्वप्नालीचा दंड धरून तिला दाराशी घेऊन आल्या होत्या.

"मला नाय बघायचं, आई."

"नको बघू. माज्याशेजारी बस नुसती. मला एकटीला कंटाळा येतो."

"मेधाताई आहेत की," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"ती दर वाक्याला बडबडते. तू बस."

स्वप्नाली बसली, पण भिंतीकडे तोंड करून. चित्रपट काजव्याच्या तरुणपणाचा होता. लढाईचा काकूंनी तिला दाखवला नाही; त्याची गरज नव्हती. पडद्यावर तो पोरगा मित्रांबरोबर एका पडक्या गोदामात लपला होता, मग त्याची आई त्याला शोधत आली, मग त्याने कुणाचा तरी ट्रक पळवला. स्वप्नाली कधी वळून बघू लागली ते मला कळलं नाही. मध्ये एक लांबलचक प्रसंग येतो. पोरगा समुद्रकाठी एकटा बसलेला असतो आणि फार वेळ काहीच घडत नाही. तिथे ती एकदम म्हणाली, "हितं झोपले होते ते."

"कोन?" काकूंनी विचारलं.

"हे. महेश. हाच पिक्चर. मोठ्या तोऱ्यात पहिला लावला आणि हितंच घोरायला लागले. तुम्ही उशी मारली होती, आई."

"मारली व्हती," काकू म्हणाल्या. "आन् उठून म्हनतो कसा, मी डोळे मिटून इचार करत व्हतो."

स्वप्नाली हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी उठून अंगणात गेले. आत बराच वेळ दोघींचं बोलणं चाललं होतं. महेशचं खाणं, त्याचा हट्ट, लग्नात त्याचा फेटा सुटला होता ते. मधूनच हसणं ऐकू यायचं. मी परत आले तेव्हा चित्रपट संपला होता. स्वप्नालीचे डोळे सुजले होते. ती मला म्हणाली, "ताई, त्यांना कळवा, इन्व्हर्टर बघायला या म्हणावं."

खोपोलीला निलेशच्या घरी काकू आणि मी माझ्याच गाडीतून गेलो. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. निलेशची आई साधी बाई. तिला या सगळ्याची कल्पना होती, पण सासू स्वतः येईल असं वाटलं नव्हतं. काकूंनी पाणी घेतलं आणि सुरुवात केली.

"मी पोरीची सासू. तिचे आई-बाप खालापूरला हायेत, त्यांना इचारून आलेय. पोरगी माज्या घरातनं द्यायची हाय. पयलं लगीन माज्या पोराशी झालेलं, तो गेला. तिनं माजं घर सोडलं नाय. आता मीच सांगते, सोड."

निलेशच्या आईने काकूंचा रिकामा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला जड नाही जाणार?"

"जाईल की," काकू म्हणाल्या. "जड जातंय म्हनून ठिवून घिऊ काय?"

त्या बाईने उठून काकूंचे हात धरले.

लग्न काकूंच्या अंगणात झालं. कन्यादान स्वप्नालीच्या आई-वडिलांनी केलं, पण निघताना ती आधी काकूंच्या गळ्यात पडली. बंडूकाका आले नाहीत. काकू दिवसभर पाहुण्यांत होत्या, संध्याकाळी सगळे गेल्यावर मी थांबू का विचारलं तर म्हणाल्या, "जा गं घरी. मला एकटीनं राहायची सवय करू दे. ती आजपासून करायची तर आजच करते."

दर पंधरवड्याला स्वप्नाली आणि निलेश कळंबला यायचे. वाद पुन्हा सुरू झाले. पुढे मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला माहेरची आई होतीच, तरी काकू रिसॉर्टला कुलूप लावून खोपोलीत जाऊन राहिल्या. तिथून मला फोन: "निलेश म्हनतो पोरीला मोठेपनी त्याच्या क्रमानं दाखवनार. मी जिवंत हाय तवर तरी नाय."

काकूंच्या हृदयाचं दुखणं त्यानंतरचं. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं, पाहुणे कमी करा सांगितलं. त्याच सुमारास त्या मालिकेतला नवा चित्रपट आला. काकूंनी सगळे चित्रपट टीव्हीवर बघितलेले. थिएटरात एकही नाही. निलेशने पनवेलच्या मल्टिप्लेक्सची तिकिटं काढली आणि आम्ही सगळे गेलो. काकू मोठ्या खुर्चीत संकोचून बसल्या. पडदा उजळला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. पण चित्रपट खरंच वाईट होता. म्हातारी दगडीण, तिच्या तोंडी लांब लांब भाषणं, पोरकट विनोद. इंटरव्हलला निलेश हळूच म्हणाला, "काकी, जायचं का? तुम्हाला बसायला त्रास होईल."

"बरा नाय ह्यो," काकू म्हणाल्या. "पन बसू. घरचाच हाय."

शेवटची पाटी जाईपर्यंत त्या बसून राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी, अंगणात उन्हाला बसल्या असताना काकू गेल्या. शेजारच्या बाईने हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही. मी पोचले तोवर गाव जमलं होतं. स्वप्नाली आणि निलेश मुलीला घेऊन आले. स्वप्नाली उंबऱ्याशीच थांबली. तिला वाटत असावं, की आता आपण दुसऱ्या घरच्या. इथे आपलं काय आहे?

नदीकाठी लाकडं रचली होती. अग्नी बंडूकाकांचा मुलगा देणार असं पुरुषांनी आपसांत ठरवलं होतं. मडकं त्याच्या खांद्यावर चढायच्या बेतात होतं. बायका मागे, झाडाखाली उभ्या होत्या. बंडूकाका आपल्या मुलापाशी गेले, मडकं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि गर्दीत बघत विचारलं, "स्वप्नाली कुठंय?"

कोणीतरी कुजबुजलं. एक म्हातारा म्हणाला, "बंडू, ती आता खोपोलीची. आपल्यात बायका..."

"मला माहितीये आपल्यात काय ते," बंडूकाका म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. "वहिनीनं तिला लेक म्हनून दिली. मी त्या लग्नाला गेलो नाय." ते झाडाखालच्या बायकांकडे वळले. "ये गं पोरी, फुडं ये. तुजाच मान हाय."

स्वप्नालीने मुलीला माझ्या कडेवर दिलं आणि पुढे गेली. बंडूकाकांनी मडकं तिच्या खांद्यावर ठेवलं आणि ते पडू नये म्हणून, फेरे पूर्ण होईपर्यंत, खालून एक हात लावून तिच्याबरोबर चालत राहिले.